मुका बिल्ला

निपाणीच्या त्या तंबाखूच्या वखारीत संध्याकाळचा भोंगा झाला की बायका फाटकाशी रांग लावत आणि पारूबाई एकेकीला चाचपून बाहेर सोडी. पदर झटक, ओटी दाखव, अंबाडा सोड, तोंड उघड. मिश्रीपुरती चिमूटभर तंबाखू कुणी कमरेला खोवली असली तरी पारूबाईच्या बोटांना ती बरोबर लागे. मालकानं तिला झडतीला ठेवलं होतं खरं, पण बाई झडती घ्यायची ती मालकाच्या हुकुमापेक्षा चार बोटं जास्तच. घरी तान्हं रडतंय म्हणून जी तळमळे, तिला ती रांगेत मुद्दाम मागं काढी. नवी नवरी असली तर तिला अंबाडा दोनदा सोडायला लावी. खोटं कशाला सांगायचं, तिला त्यात गोडी वाटे.

मालुबाईची तऱ्हा आणखी वेगळी. मालुबाई भीमनगरातली, अंगानं काटकुळी, पण सभेत उभी राहिली तर फौजदारासमोरही न अडखळणारी. तिला चाचपून झालं की पारूबाई कोपऱ्यातल्या मडक्यातलं पाणी घेई, सगळ्यांदेखत हात धुई आणि मगच पुढच्या बाईला हात लावी. पारूबाईचे हात धुऊन होईपर्यंत मालुबाई तिथंच उभी राही आणि बघत राही.

पारूबाईही एके काळी याच रांगेत उभी असायची. उमेदीची सगळी वर्षं तिनं चाळणीच्या खोलीत काढली होती. वखारीत सगळ्यांत वाईट जागा तीच. सुकलेला पाला कुटून चाळायचा, खिडक्या बंद, कारण वाऱ्यानं माल उडतो. धूळ नाकात, घशात, भाकरीत, अंगावर पिणाऱ्या पोराच्या तोंडात. पारूबाई खोकून खोकून वाकडी व्हायला लागली तेव्हा बेळगावच्या डॉक्टरनं तिला स्पष्ट सांगितलं, की पुन्हा त्या धुळीत बसलीस तर छाती राहणार नाही. थोरल्या मालकाच्या पाया पडून तिनं फाटकाची जागा मिळवली. त्या दिवसापासून तिला जगात एकाच गोष्टीची भीती होती, ती म्हणजे चाळणीच्या खोलीची. आणि त्या खोलीत तिनं चाचपलेल्या बायका बसत होत्या.

पंच्याऐंशी सालच्या सुमारास थोरले मालक वारले आणि वखार मुलाकडे, परशरामकडे आली. बेळगावात इंजिनिअर झालेला, परदेश हिंडून आलेला, गोड बोलणारा माणूस. म्हाताऱ्यानं बायकांना शिव्या दिल्या असतील, परशराम ‘आक्का’, ‘मावशी’ असंच म्हणे. त्याच वर्षी बायकांनी मालुबाईला पुढं घालून काम बंद पाडलं. मागणी एकच, झडती बंद करा. आम्ही चोर आहोत का? सगळ्या फाटकाबाहेर रस्त्यावर बसल्या. परशराम स्वतः बाहेर आला, मांडी घालून त्यांच्यासमोर बसला आणि म्हणाला, “बरोबर हाय तुमचं. बाईनं बाईला चाचपायचं, ह्ये बरं दिसतंय व्हय? मी यंत्र आणतो.”

यंत्र आलं. फाटकात दाराची एक जादा चौकट उभी राहिली, वर दोन दिवे, एक हिरवा, एक तांबडा. प्रत्येक बाईला तळहाताएवढा पिवळा चपटा बिल्ला मिळाला, दोरीनं गळ्यात घालायचा. बायकांनी तो उलटा करून बघितला, कानाशी धरून हलवला.

“ह्यात सेल कुठं हाय?” मालुबाईनं विचारलं.

“सेल न्हाईच,” परशराम म्हणाला. यंत्राची गोष्ट निघाली की त्याचे डोळे लुकलुकत. “ह्या चौकटीत तारेचं वेटोळं हाय, त्यातनं वीज सारखी उलटसुलट पळतीया. बिल्ल्यातबी तसंच एक बारकं वेटोळं हाय. बिल्ला चौकटीजवळ आला की चौकटीची ताकद वाऱ्यावरनं त्यात उतरती. तेवढ्या ताकदीवर त्यो जागा व्हतो आणि ती ताकद कमीजास्त ओढाय लागतो. त्या ओढीवरनं चौकटीला त्येचा नंबर कळतो. लांब गेला की झोपला.”

“म्हंजे सोताची ताकद कायबी न्हाय म्हणा की.”

“कायबी न्हाय. चौकट दील तेवढीच,” परशराम हसला. “ज्या बाईचा बिल्ला नंबर सांगंल तिला हिरवा दिवा, सरळ घरी. ज्या बाईचा बिल्ला बोलणार न्हाय, तिनं कायतरी भानगड केली आसणार. तिची तेवढी झडती.”

फाटकावरच्या राखणदाराला, कल्लाप्पाला त्यानं नंतर हसत हसत सांगितलं, की हॉलंडात हे बिल्ले गाईंच्या गळ्यात बांधतात, कुठली गाय पेंड खायला आली ते कळावं म्हणून. कल्लाप्पानं ते पारूबाईला सांगितलं. पारूबाईला त्या दिवशी हसू आलं नाही.

पहिल्या संध्याकाळी सगळ्या बायका हिरव्या दिव्याखालून गेल्या. कुणी गूळ वाटला. मालुबाई चौकटीतून बाहेर पडली आणि मडक्याशेजारी रिकाम्या हातांनी उभ्या असलेल्या पारूबाईसमोर थांबली.

“पारूबाई, दिवाळी झाली की तू चाळणीला येनार म्हनं. मालकच म्हनत हुते. काळजी करू नगंस, आमी तुजी जागा राखून ठेवलीया. पार भिंतीकडंला.”

भिंतीकडची जागा कोणती ते पारूबाईला कुणी सांगायला नको होतं. वारा नसला तरी धूळ तिथंच जाऊन बसते. मागच्या बायका खदखदून हसल्या.

महिनाभर ती नुसती बसून होती. तांबडा दिवा लागायचाच नाही. वखारीतून जेवढी तंबाखू आधी जायची तेवढीच आताही जात असेल, पण यंत्राला तंबाखूचा वास येत नव्हता. त्याला फक्त बिल्ला कळत होता. बायका मात्र समजत की यंत्राला सगळं कळतं. परशरामनंही तो समज कधी खोडून काढला नाही.

बिल्ल्याचं प्लास्टिक घामानं गळ्याला चावायचं, म्हणून बायकांनी त्याला जुन्या लुगड्याच्या खोळी शिवल्या. आकडे कुणाला वाचता येतात? तर मग खोळीवर आपापली खूण. कुणाचं तुळशीचं पान, कुणाची कोयरी, मालुबाईचं निळ्या दोऱ्याचं चाक. संध्याकाळी बाहेर पडताना बिल्ले काढून पारूबाईकडे द्यायचे आणि ती ते खिळ्यांना टांगून ठेवायची. तिला उरलेलं काम तेवढंच.

एके दिवशी सोनुबाई नावाची एक भित्री बाई चौकटीत आली आणि तांबडा दिवा पेटला. पारूबाई बसल्या जागची उठली, कितीतरी दिवसांनी तिच्या बोटांना काम मिळालं होतं. पदर, ओटी, अंबाडा. काही नाही. पोलक्यात बिल्ल्यामागं मिश्रीची पत्र्याची डबी तेवढी निघाली, ती तर घरनं आणलेली. पारूबाईनं डबी काढून हातात ठेवली आणि म्हणाली, “जा बगू पुन्यांदा.” सोनुबाई गेली. हिरवा.

पारूबाईनं डबीकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं. मग सोनुबाईला जवळ बोलावून डबी पुन्हा बिल्ल्यामागं धरली. तांबडा. डबी काढली. हिरवा. सोनुबाई रडत होती, तिला काही कळलं नाही. पारूबाईनं तिला डबी परत दिली आणि दरडावलं, “हे कुनाला सांगू नगंस. डबी कापडात गुंडाळून कमरंला लाव. यंत्राला राग येतूया तिचा.”

तंबाखू बघायला येणारे व्यापारी फिल्टरची सिगारेट ओढत आणि पाकिटं अंगणात टाकत. पारूबाई त्यातली चांदी, तो आतला चकचकीत कागद, काढून घेऊ लागली. घडी घालून पोलक्यात ठेवी. बिल्ले खिळ्यांना टांगताना ज्या खोळीची शिवण सैल असे तिच्यात एक तुकडा सारून नीट सपाट करी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बिल्ला मुका. ती बाई बाजूला. पारूबाई हात चोळत उठे. झडती झाली की बिल्ला तिच्याचकडे येई, चांदी काढली की प्रकरण मिटलं. आज हिचा, उद्या तिचा. दिवाळी आली, दिवाळी गेली, पारूबाईला चाळणीला कुणी पाठवलं नाही. झडतीला माणूस लागतच होतं ना!

बायकांचं मात्र विचित्र झालं. मालकानं चाचपलं असतं तर त्यांनी त्याला शिव्याशाप दिले असते, पारूबाईनं आपल्या मनानं थांबवलं असतं तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण यंत्राचं कुणाशी वैर असणार? तांबडा दिवा लागला म्हणजे बाईत काहीतरी काळंबेरं असणारच. कुणी बिल्ल्याला अंगारा लावला, कुणी निघताना हातपाय खळखळून धुतले. ज्यांना हिरवा लागे त्या तांबड्यावाल्यांकडे तिरक्या नजरेनं बघायला लागल्या. ज्या बायका रस्त्यावर खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या, त्या आता जेवायला वेगवेगळ्या कोपऱ्यात बसत. मालुबाई एकटीच ओरडून सांगे, “यंत्र नादुरुस्त हाय गं, ह्यात कायतरी खोट हाय!” पण तिला नेहमी हिरवाच लागे, तेव्हा तिला बोलायला काय जातंय, असं म्हणणाऱ्याही निघाल्या.

मालुबाईच्या बिल्ल्याला पारूबाईनं हात लावला नव्हता. धाडस झालं नव्हतं, हे खरं कारण.

एका दुपारी परशरामनं तिला माडीवरच्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक खोळ होती, कोयरीची. त्यानं दोन बोटं आत घातली आणि चांदीचा तुकडा अलगद बाहेर ओढला. तिनं वाकून जमिनीला डोकं टेकलं.

“उठा मावशी, उठा. तुमी तर बेस केलंसा,” परशराम म्हणाला. त्याचा आवाज खरंच प्रेमळ होता. “पत्रा आडवा आला की चौकटीची ताकद पत्र्यातच गोल गोल फिरून मरती, बिल्ल्यापतोर पोचतच न्हाय. मग त्यो जागा कसा व्हनार? मला ठावं हुतं. पर ह्येचा उपेग आसाबी हुईल, ह्ये मला सुचलं नव्हतं.”

पारूबाई हात जोडून उभी.

“सगळ्यांच्यात कशाला घालताय? एकीच्यात घाला. रोज. आठवडाभर. निळ्या चाकाच्या खोळीत.” त्यानं चांदी पुन्हा घडी घालून तिच्या हातावर ठेवली. “जिचा बिल्ला आठवडाभर मुका ऱ्हाईल, त्या बाईला कामावर ठिवायचं न्हाय, आसा नेम मी उद्या सांगतो. तुमची फाटकाची जागा मग जल्मभर पक्की.”

जन्मभर म्हटल्यावर पारूबाईनं आणखी काय ऐकायचं? तिनं घातली. रोज घातली.

पहिल्या दिवशी तांबडा दिवा लागला तेव्हा मालुबाई हसली. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच पदर टाकला, अंबाडा सोडला, भर रांगेसमोर म्हणाली, “बगा गं, काय हाय माज्याकडं? बगा सगळ्याजनी!” काहीच नव्हतं. पारूबाईनं चाचपलं आणि सवयीनं मडक्याशी जाऊन हात धुतले. मालुबाई बघत राहिली. रांगेतल्या बायका जमिनीकडं बघत होत्या. आठवडा भरला तेव्हा कल्लाप्पानं मालुबाईच्या गळ्यातला बिल्ला काढून घेतला आणि ‘बेग बेग’ अशी कानडीत घाई करत तिला फाटकाबाहेर काढलं. एकही बाई काम सोडून उठली नाही. कुठल्या तोंडानं उठणार? यंत्रानंच सांगितलं होतं.

निपाणीत वखारींना तोटा नाही, पण यंत्रानं चोर ठरवलेली बाई दुसऱ्या कुठल्या वखारीनं घेतली नाही. मालुबाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला, पदरात लेकरं. ती चिकोडीकडं उसाच्या तोडीला गेली, सदलग्यात कुणाच्या मळ्यात राबली, शेण काढलं. उन्हाळा संपता संपता एका सकाळी ती फाटकाबाहेर येऊन बसली. घोषणा नाही, काही नाही. नुसती बसली. पारूबाईनं तिला ओळखलंच नाही आधी, इतकी ती वाळली होती. ओळखल्यावर मात्र तिला जे वाटलं त्याला दया म्हणता येणार नाही. बरं झालं, असंच वाटलं.

परशराम खाली आला. सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, “आमच्या मनात कायबी न्हाय. मालुआक्का, तुमास्नी काम देतो. चाळणीचं न्हाय, फाटकावरचं. मावशी आता थकल्या, त्यांच्या हाताखाली झडती घ्यायला शिका.”

मालुबाई वर बघेना. बायका बघत होत्या. झडती बंद करा म्हणून जी रस्त्यावर बसली होती ती आता झडती घेणार होती. तिनं मान हलवली. त्या दिवसापासून वखारीत झडतीविरुद्ध कुणी तोंड उघडलं नाही.

पारूबाईनं तिला सगळं शिकवलं, आणि मन लावून शिकवलं. “पदर आसा झटकायचा. ओटीत मुठ घालायची, लाजायचं न्हाय. अंबाड्यात बोटं मुळापतोर न्ह्यायची.” मालुबाई मुकाट्यानं शिकली. तिची बोटं बारीक होती, पारूबाईपेक्षा चपळ. बिल्ले खिळ्यांना टांगायचं कामही परशरामनं आता तिच्याकडे दिलं, मात्र रात्री फाटकाची किल्ली त्याच्याकडे असे. चांदीचं गुपित पारूबाईनं तिला शिकवलं नाही. ती घडी तिनं आपल्याच पोलक्यात ठेवली, वेळेला लागली तर असावी म्हणून.

दसरा झाल्यावर एका संध्याकाळी रांग संपत आली. नेम म्हणजे नेम, झडतीवालीनंही बिल्ला घालूनच बाहेर पडायचं. पारूबाई रोजच्यासारखी चौकटीत शिरली आणि तांबडा दिवा लागला.

तिनं मागं सरून पुन्हा पाय टाकला. तांबडा. तिनं खोळीवरून बोट फिरवलं. कापडाखाली काहीतरी कुरकुरलं, कडक, गुळगुळीत. ते काय आहे हे त्या फाटकात फक्त दोन माणसांना माहीत होतं. दुसरं माणूस माडीच्या कठड्याला रेलून उभं होतं.

“मालक,” पारूबाई म्हणाली, “यंत्र नादुरुस्त हाय. ह्यात कायतरी खोट हाय.”

“यंत्राला खोटं बोलाया येत न्हाय, मावशी,” वरून परशराम म्हणाला. “नेम सगळ्यांस्नी सारखा. मालुआक्का, घ्या झडती.”

खोळ टराटरा फाडावी, चांदी सगळ्यांच्या तोंडावर फेकावी, असं पारूबाईला क्षणभर वाटलं. पण फाडली की आत काय आहे ते दिसणार, आणि दिसलं की बायका विचारणार, ‘हे कुणाला ठाऊक होतं?’ रांगेतल्या साऱ्या बायकांना एकेका तांबड्या दिव्याचा हिशेब लागला असता. समोर मालुबाई उभी होती. पारूबाईनं खोळीवरचा हात खाली घेतला.

मालुबाईनं पदर झटकला. ओटीत मूठ घातली, लाजली नाही. अंबाडा सोडला, बोटं मुळापर्यंत नेली. मग पोलक्यातून तिनं ती घडी बाहेर काढली. सिगारेटची चांदी, चार-पाच तुकडे, नीट एकावर एक.

“ह्ये काय हाय?”

मालुबाईनं एक तुकडा उलगडला, नाकाशी धरला. वखारीतल्या माणसाच्या पोलक्यातली वस्तू, तिला तंबाखूचा वास येणारच.

“जर्दा बांधून न्ह्यायला,” मालुबाई हळूच म्हणाली. “वल लागू नये म्हून चांदीत. इतकी वर्सं आमाला चाचपत हुतीस, आन् न्हेत हुतीस तूच!”

रांगेतून जो आवाज उठला तो हसण्याचा नव्हता. कुणीतरी थुंकलं. पारूबाईनं वर माडीकडे बघितलं. आयुष्यात तिनं काय काय केलं असेल, पण तंबाखूचं एक पानही कधी उचललं नव्हतं, आणि हे ज्याला माहीत होतं तो वरून मान हलवत होता, जसं काही त्यालाच वाईट वाटत होतं.

“म्हाताऱ्या माणसाला हाकलायचं न्हाय,” परशराम म्हणाला. “उद्यापास्नं चाळणीला घाला.”

जिना उतरून तो तिच्याजवळ आला आणि तिच्यापुरतं बोलला, “मावशी, खोळ उसवू नगा हं. उसवलीसा तर आत काय आसतंय आणि ते कुणी घालत हुतं, ह्ये बायकास्नी मला सांगावं लागंल.” बिल्ला आठवडाभर मुका राहिला तरी हिला काढायचं नाही, तो नेम हिच्यासाठी मोडला, असंही त्यानं मोठ्यानं जाहीर केलं. बायकांनी मालकाचं मन मोठं म्हटलं.

चाळणीच्या खोलीत तिची जागा खरंच राखून ठेवलेली होती, पार भिंतीकडं. कुणी तिच्याशी बोललं नाही. दुपारपर्यंत जुना खोकला परत आला, जणू कुठं गेलाच नव्हता. पारूबाईनं पदर तोंडाला बांधला आणि चाळण हलवत राहिली. गळ्यात बिल्ला लोंबत होता, आणि ती खोकली की खोळीत चांदी कुरकुरायची.

संध्याकाळी भोंगा झाला. ती चौकटीत आली, तांबडा दिवा लागला. दुसऱ्या दिवशीही लागला, तिसऱ्याही दिवशी. पुढं पुढं तर मालुबाईला सांगावंही लागेना. दिवा लागायच्या आधीच पारूबाई बाजूला होई, आपल्या हातानं अंबाडा सोडी आणि उभी राही. मालुबाई तिला चाचपी, सावकाश, शिकवलं होतं तसं. मग कोपऱ्यातल्या मडक्यातलं पाणी घेऊन ती हात धुई, आणि पारूबाईला ते होईपर्यंत तिथंच थांबावं लागे.